वाढीची भिंत

मास्तरांना एकेरीत बोलायची माझी फार इच्छा आहे. निदान लिहिताना तरी. पण जीभ वळत नाही. लहानपणी लागलेली आदबीची सवय राग आला म्हणून सुटत नाही, आणि मला मास्तरांचा राग आला त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. तेव्हा 'ते' आणि 'त्यांचं' असंच लिहिणार आहे. वाचणाऱ्याने त्यात आदर शोधू नये.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. गावात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. टिनाचं छप्पर असलेलं एक प्रार्थनाघर, त्याला लागून मागे एक खोली, आणि त्या खोलीत मास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बायको फार आधी वारलेली, मूलबाळ नाही. पाळक आमच्या गावात राहत नसत. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी बसने येत, उपासना घेत, प्रभुभोजन देत आणि दुपारच्या बसने परत जात. बाकीचे सगळे दिवस मंडळी मास्तरांच्या ताब्यात. कुणाचा बाप्तिस्मा करायचा, पोरांपैकी कुणाचं दृढीकरण करायचं, थोडक्यात प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला घ्यायला कोण लायक झालं, हे मास्तर ठरवत. पाळक बसमधून उतरले की पहिली विचारणा असायची, "मास्तर, नावं?" मास्तर एक तर चिठ्ठी काढून द्यायचे, नाही तर नकारार्थी मान हलवायचे. चिठ्ठीपेक्षा मानच जास्त वेळा हलायची.

मास्तरांच्या खोलीत एक भिंत होती. तिला ते वाढीची भिंत म्हणायचे. माणूस देवाच्या कामात किती वाढला हे कळायला हवं, नुसतं रविवारी येऊन बसलं म्हणजे वाढ होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या नावाची त्या भिंतीवर एक रेघ. शिसपेन्सिलीने ओढलेली, बाजूला बारीक, देखण्या अक्षरात नाव. सुरुवात घोट्यापासून. प्रार्थना पाठ झाल्या की गुडघा. खोटं बोलणं सुटलं की कंबर. वैऱ्याला माफ केलं की छाती. त्यानंतर खांदा, आणि खांद्याच्या वर डोकं. डोक्यापर्यंत रेघ गेली की चिठ्ठीत नाव. नाताळाच्या आधी आम्ही सगळे मिळून प्रार्थनाघराला चुना मारायचो, मास्तरांच्या खोलीलाही मारायचो, पण त्या भिंतीला ब्रश लावायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचं स्वतःचं नाव भिंतीवर कुठेच नव्हतं. आम्हा पोरांना वाटायचं, ते टिनाच्याही वर गेले असतील.

माणूस विक्षिप्त होता, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर आम्ही हसायचोही. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. होती ती त्यांनी काढून टाकली होती. घंटी वाजवणं म्हणजे दुसऱ्याला 'बाजूला हो' म्हणणं, आणि दुसऱ्याला बाजूला हो म्हणणारा माणूस नम्र कसा? त्यामुळे रस्त्यात कुणी बाई डोक्यावर भारा घेऊन चालली असली की मास्तर तिच्या मागे पाय टेकत टेकत सायकल नेत. तिला मागे कुणीतरी आहे असं वाटून ती दचकायची, भारा पडायचा, आणि मास्तर उतरून तो उचलून द्यायचे. मग तिने आभार मानले तर रागवायचे.

जेवायला बोलावलं तर भाजी चांगली झाली असं कधी म्हणायचे नाहीत, कारण करणारीला गर्व होतो. वाईट झाली असंही म्हणायचे नाहीत, कारण खाणाऱ्याला गर्व होतो. गीत चालू असताना कुणाचं लक्ष उडालं की टाळी वाजवून अख्खं गीत पहिल्या कडव्यापासून. एकदा एका गीताला आम्ही पाच वेळा सुरुवात केली, कारण माझे बाबा दारातून टेम्पोकडे बघत होते. बाबा भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचे आणि टेम्पो उतारावर लावलेला होता.

भाषा त्यांची एकदम पुस्तकी. आम्ही सगळे मले-तुले बोलणारे. त्यांनी मात्र आयुष्यभर 'मला' आणि 'तुला' सोडलं नाही. शास्त्र ज्या भाषेत वाचतो त्याच भाषेत बोललं पाहिजे, असं म्हणायचे.

आणखी एक सवय होती त्यांची. तिचं तेव्हा आम्हाला फार कौतुक वाटायचं. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांना आमच्याकडे काचेचे छोटे कप देत, अंगठ्याएवढे. सगळे आपापल्या जागी पिऊन कप परत ट्रेमध्ये ठेवत. मास्तर स्वतः ट्रे घेऊन फिरायचे आणि सर्वांत शेवटी, मागच्या दाराशी उभं राहून आपला कप उचलायचे. खिशातला पांढरा रुमाल काढून कपावर घालायचे, मान खाली करून रुमालासकट कप तोंडाशी न्यायचे आणि तसाच झाकलेला कप ट्रेमध्ये ठेवायचे. देवाशी आपलं जे आहे ते लोकांनी बघू नये म्हणून, असं माझ्या बाबांनी मला सांगितलं होतं. केवढी ही नम्रता, असं वाटून माझ्या अंगावर काटा यायचा.

तो ट्रे दाराबाहेर माझी आई घ्यायची.

आई ख्रिस्ती घरातली नव्हती. वांगी, मिरची, कांदा लावणाऱ्या माळकऱ्याची मुलगी. बाबा टेम्पो घेऊन त्यांच्या मळ्यात भाजी भरायला जायचे, तिथे जमलं. लग्न कचेरीत झालं. तिच्या घरच्यांनी थोडे दिवस तोंड फिरवलं आणि मग नातीचं तोंड बघायला आले, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. बाप्तिस्मा घे असं बाबांनी तिला कधी म्हटलं नाही. चौदा-पंधरा वर्षं ती नुसती प्रार्थनाघरात येऊन मागे बसायची. मग एके दिवशी भाजीच्या वाफ्यातून उठून घरी आली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "मले पानी घ्याचं हाय. मास्तराले सांगा." पाणी घेणं म्हणजे बाप्तिस्मा घेणं. काऊन म्हणून बाबांनी विचारलं तर म्हणाली, "मले तो आवडते." तो म्हणजे येशू. एवढंच. याहून जास्त तिने आयुष्यात कधी सांगितलं नाही.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. योगायोगाने आम्ही मायलेकी एकाच वेळी मास्तरांच्या वर्गात बसलो. तिला बाप्तिस्म्यासाठी, मला दृढीकरणासाठी. माझा बाप्तिस्मा तान्ही असतानाच झालेला.

आईला वाचता येत नव्हतं. मी वाचायचे, ती ऐकून पाठ करायची. भाजी निवडता निवडता पाठ करायची. माझ्या आधी तिची रेघ गुडघ्यावर गेली. खोटं ती मुळात बोलायचीच नाही, त्यामुळे कंबर लगेच झाली. जाऊबाईशी जुना तंटा होता, तो तिने स्वतः जाऊन मिटवला, तर छाती. महिन्याभरात ती खांद्याला लागली. मास्तर स्वतः थक्क झाले असावेत, कारण त्या दिवशी रेघ ओढताना त्यांचा हात थोडा थांबला होता.

खांद्याच्या पुढे एकच प्रश्न असायचा. मास्तर समोर बसवून डोळ्यांत बघून विचारायचे, "वाढ झाली का?"

या प्रश्नाची गंमत अशी की 'हो' म्हटलं तर तो गर्व. रेघ छातीवर खाली. 'नाही' म्हटलं तर मग घाई कशाला करता, थांबा. आमच्या मंडळीतल्या पोरांनी यावर वर्षानुवर्षांपासून तोड काढून ठेवली होती. मान खाली घालायची आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या संगतीत जेवढी होईल तेवढी." मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवायचं, असं ते चालत आलेलं. मीही तेच म्हटलं. जरा गळाही भरून आणला. मास्तरांनी मान डोलावली, पेन्सिल घेतली आणि माझी रेघ डोक्यावर नेली. मी वर्गात बसल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

आईला विचारलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मले काय माईत मास्तर? जशी आहो तशी आहो."

"म्हणजे झाली की नाही?"

"आपली वाढ आपल्याले दिसते का? तुम्ही रोज रोज इचारू नका. वांग्याचं रोप रोज उपटून मुळी पाह्यली त ते जगत नाही."

मास्तर हसले नाहीत. "मग जगलं हे तुम्हाला कसं कळतं?"

"पान सांगते," आई म्हणाली. "अन् नाही जगलं तरी आपुन पानी त देतोच ना."

मास्तरांनी भिंतीकडे बघितलं, तिच्या रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबावं लागेल."

घरी येताना मी तिला ते उत्तर शिकवलं. सगळे तसंच म्हणतात, तूही म्हण, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. तिने दोनदा मनात घोळवून बघितलं, ओठ हलताना मला दिसले. मग म्हणाली, "चांगलं हाय वो. पन हे माह्यं नाही." पुढे मी कितीदा तरी तिच्याशी यावरून भांडले. लाडाने सांगितलं, चिडून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि मास्तरांसमोर बसली की पुन्हा म्हणायची, जशी आहो तशी आहो.

अकरा वर्षं ती खांद्यावर होती. खरंच, अकरा. मी बारावी झाले, डीएड झाले, नोकरी लागली, देऊळगाव राजाला राहायला गेले, जिथे मी 'मले' म्हटलं की शाळेतली पोरं गालातल्या गालात हसतात. तरी आईची रेघ तिथेच. तिच्या नंतर वर्गात आलेली, शेंबूड पुसत बसलेली पोरं डोक्याच्या वर जाऊन दर महिन्याला कप उचलत होती.

आणि या अकरा वर्षांत प्रभुभोजनाची सगळी तयारी कोण करत होतं, तर आई. आमच्याकडे बाजारातला रस आणायची पद्धत नव्हती. शनिवारी आई मनुका निवडून भिजत घालायची, मग उकळून, कुस्करून, धुतलेल्या पंच्यातून गाळून बाटलीत भरायची. गव्हाची भाकर तीच भाजायची, न फुगलेली, न डागलेली. कप पुसून ट्रेमध्ये मांडायची. मग रविवारी ट्रे आत गेला की स्वतः उठून मागच्या दाराबाहेर जाऊन उभी राहायची, कारण ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी त्या वेळी बाहेर थांबायचं असा मास्तरांचा नियम. रिकामे कप बाहेर आले की हौदापाशी बसून ते धुवायची. हौदाशेजारी तिनेच लावलेला कढीपत्ता होता. कप धुण्याआधी ती एक कप त्याच्या बुडाशी रिकामा करायची. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाली, "उरलं ते मोरीत कायले टाकाचं?" मास्तरांचा रुमालही तीच धुवायची, दोरीवर वाळवायची, घडी करून परत द्यायची.

मंडळीत कुणालाच यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट बायका म्हणायच्या, तुझ्या आईच्या हातच्या रसाची चवच वेगळी आहे. आईला ती चव माहीत नव्हती. गाळताना बोटाला लागलेलं चाखून बघावं एवढंही तिने कधी केलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तिला चाखायला सांगितलं होतं आणि ती माझ्यावर ओरडली होती.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. बुलढाण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि घरी न्या म्हणाले. तुरीच्या शेंगा भरायचे दिवस होते. आई खाटेवर पडून शेंगा सोलायची, कारण रिकामे हात तिला आवडत नसत.

मी पाळकांना फोन केला. म्हटलं, पहिल्या रविवारपर्यंत काही खरं नाही, घरी येऊन तिला बाप्तिस्मा द्या. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "मी उद्या येतो ताई, पण मास्तरांचं एकदा हो घ्या. मी वर्षाचे बारा दिवस तिथे असतो, तुमची माणसं ते ओळखतात." मी मास्तरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले. आमच्यात पाया पडत नाहीत, मास्तर पाय मागे घेत राहिले आणि मी पुढे सरकत राहिले. शेवटी म्हणाले, "येतो."

दुपारी आले. घंटी नसलेली सायकल भिंतीला लावली, टोपी काढून हातात घेतली, आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. मला वाटलं, आता प्रार्थना करतील. मला वाटलं, आता तरी.

त्यांनी विचारलं, "बाई, वाढ झाली का?"

मी आईच्या उशाशी होते. मी अक्षरशः तिचा हात दाबला. म्हण ना. एकदा म्हण. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी म्हण. आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा.

"मास्तर, मी एक इचारू का? तुमची झाली का?"

टोमणा नव्हता. शपथेवर सांगते, टोमणा नव्हता. जेवले का, असं आपण घरी आलेल्याला विचारतो तसं तिने विचारलं होतं. मास्तर उठले आणि निघून गेले. टोपी स्टुलावरच राहिली.

आई मला म्हणाली, "मी रागानं नाही इचारलं व माय. मले त्याईची काळजी वाटते."

दोन दिवसांनी ती गेली.

आमच्या कबरस्तानात बाप्तिस्मा न झालेल्यांची जागा वेगळी आहे. कडेला, बाभळीखाली. हाही मास्तरांचाच नियम. बाबा काही बोलले नाहीत. ते जन्मभर मास्तरांसमोर कधी बोलले नव्हते, त्या दिवशी काय बोलणार? आईला बाभळीखाली ठेवलं. मास्तरांनीही मूठभर माती टाकली. मला तो हात धरावासा वाटला होता, पण धरला नाही, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम गावात थांबले. रस कुणी केला होता कोण जाणे, पाणचट झाला होता. मी भाकर घेतली, कप घेतला, सवयीने घेतला. मग लक्षात आलं की मागच्या दाराबाहेर ट्रे घ्यायला कुणीच नाही. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. मास्तर ट्रे घेऊन दारात आले आणि मला बघून घुटमळले. ट्रे द्यायला तयार होईनात. मी ओढूनच घेतला.

हौदापाशी बसले. रुमाल उचलला. खाली मास्तरांचा कप होता, काठोकाठ भरलेला.

समोर कढीपत्ता. पुरुषभर उंच झालेला, हिरवागार. अकरा वर्षं, दर महिन्याला. आईच्या हातात भरलेला कप होता, ज्याचा होता त्याला नको असलेला, आणि बघणारं कुणी नव्हतं. तिने तो झाडाला घातला. कारण तिला तो कुणी दिलेला नव्हता.

पाळक बसला गेले, माणसं पांगली. मी तो कप तसाच भरलेला घेऊन मास्तरांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवला.

"मास्तर, हा तुमचा."

त्यांनी कपाकडे बघितलं. "तुझ्या आईने सांगितलं?"

"नाही. तिने कुणालाच सांगितलं नाही."

"मला वाटायचं आज सांगेल, उद्या सांगेल," ते म्हणाले. "दर वेळी रुमाल धुऊन द्यायची. एक शब्द बोलली नाही."

"का घेत नाही तुम्ही?"

मग बोलले ते आमच्या भाषेत. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ती ऐकली. "बायको गेली तवा मी देवाले एक शब्द बोललो होतो. तो मले वापस घेता आला नाही. घेतो घेतो म्हनता बत्तीस वर्षं गेली."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला रडू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. मी म्हटलं, "ते तुमचं आणि देवाचं. माझ्या आईला कशापायी अडवलं?"

"जो सोताच बाहेर हाय त्यानं दुसऱ्याले आत जा कसं म्हनावं?"

"मला म्हणालात की. दीड महिन्यात म्हणालात."

मास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तू पाठ केलेलं बोलली होती. मले माईत होतं. पाठ करनाऱ्याईचं मले कधी भेव वाटलं नाही. ते आत गेले काय अन् बाहेर राह्यले काय. तुही आई खरी होती. तिच्या बाबतीत माह्या हातानं चूक झाली असती त देवानं मले इचारलं असतं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला मंडळीतली म्हणत होते, शाळेत प्रार्थना घेत होते, अडचणीत देवाचं नाव घेत होते. आणि हा माणूस मला सांगत होता की तू आत आलीस कारण तुझी मोजदादच नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते उत्तर मी पाठ केलं होतं हे खरं होतं.

कोपऱ्यात पेन्सिल पडली होती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. "वर घ्या तिची रेघ. आत्ता, माझ्यासमोर."

ते उठले. भिंतीपाशी गेले. आईच्या नावावर बोट ठेवलं, पेन्सिल टेकवली. मग पेन्सिल खाली घेतली आणि पुन्हा त्यांच्या त्या पुस्तकी भाषेत म्हणाले, "विचारल्याशिवाय रेघ वाढवता येत नाही. आता विचारू कोणाला?"

मी निघून आले. कप टेबलावरच ठेवला. महिन्याने गेले तेव्हा तो धुऊन ट्रेमध्ये पालथा घातलेला होता. प्यायले की ओतून दिला, मी विचारलं नाही. त्यानंतर मास्तरांनी वर्गाला कुणाला बसवलं नाही आणि तीन वर्षांनी तेही गेले. त्यांना अर्थातच कबरस्तानाच्या मधल्या रांगेत जागा मिळाली.

आता नवे पाळक आहेत. तरुण, गावातच राहतात, मास्तरांच्याच खोलीत. आल्या आल्या त्यांनी भिंतीला चुना मारला. मले पानी घ्याचं हाय असं कुणी म्हणालं की ते विचारतात, येशूवर विश्वास आहे ना? हो म्हटलं की पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. आईच्या मागून आलेल्या कितीतरी बायकांनी असाच घेतला. इतकं सोपं होतं ते.

मी महिन्यातून एकदा बाबांना भेटायला जाते आणि पहिल्या रविवारी त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसते. ट्रे समोर आला की पुढे सरकवते. रुमाल वगैरे काही धरत नाही. गेल्या खेपेला उपासना संपल्यावर पाळकांनी मला थांबवलं. बायका कढीपत्त्याची पानं तोडत होत्या, त्या दिवशी सगळ्या मंडळीचं एकत्र प्रीतिभोजन होतं.

"ताई, काऊन घेत नाही तुम्ही?" त्यांनी मायेने विचारलं. "तयारी झाली नाही असं वाटते का?"

तयारी हा शब्द ऐकला आणि मला शनिवारी भिजत घातलेल्या मनुका आठवल्या. मी म्हटलं, "पाळकसाहेब, ज्या घरात माझ्या आईकडून अकरा वर्षं स्वयंपाक करून घेतला आणि तिला दाराबाहेर उपाशी उभी ठेवली, त्या घरात मला घास उतरत नाही."

पोरच ते. त्याने आईला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात एका बाईने दारातून हाक मारली, ताई, कप धुवायचे राहिले आहेत, कोणी येता का? मी पदर खोचला आणि हौदापाशी जाऊन बसले. सगळे कप रिकामे होते.